घरातला ध्वनिक्षेपक आणि आपला कान



वसंतातल्या या व्याख्यानांना आपण येता ते इतिहास, साहित्य, अर्थकारण, फार तर अध्यात्म ऐकण्याच्या तयारीने. त्यामुळे चालकांनी मला विषय विचारला आणि मी ‘घरातला स्पीकर का किरकिरतो’ असे सांगितले, तेव्हा ते क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. त्यांचा संशय अगदीच चूक नव्हता. हा विषय दुरुस्तीच्या दुकानातला आहे, व्यासपीठावरचा नाही, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. पण या किरकिरीपायी एका वडीलधाऱ्या गृहस्थाचे गाणे ऐकणे सुटले होते, आणि ते सुटायला मीही थोडा कारणीभूत झालो होतो. तेव्हा आजच्या व्याख्यानाचा अर्धा भाग माहितीचा आहे आणि उरलेला अर्धा कबुलीजबाबाचा.

ते गृहस्थ माझ्या शेजारचे. सारी आळी त्यांना नाना म्हणते, मीही तेच म्हणेन. त्यांच्या परवानगीनेच ही हकीकत सांगतो आहे. नानांच्या दिवाणखान्यात कमरेच्या वर येतील असे दोन उंच स्पीकर जमिनीवर उभे असतात. बाजारात यांना टॉवर म्हणतात. पंचवीस वर्षांपूर्वी निवृत्तीच्या पैशातून त्यांनी ते घेतले, आणि तेव्हापासून सकाळी पूजा झाली की तासभर गाणे ऐकायचे हा त्यांचा नेम. दोन वर्षांपूर्वी नाना म्हणू लागले, ‘खर्जात काहीतरी घासतंय. तंबोऱ्याच्या खाली कोणी कागद चुरगाळतंय असं वाटतं.’ मुलाने ऐकले, सुनेने ऐकले. कोणालाच काही जाणवले नाही. वय ऐंशीच्या घरात. कानाच्या डॉक्टरांनी तपासणी करून वयोमानाप्रमाणे ऐकू कमी येते असे सांगितले, आणि ते खरेच होते. मुलगा म्हणाला, ‘बाबा, स्पीकर चांगले आहेत, तुमचे कान थकलेत.’ मी जन्मभर मुलांना पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस. मला विचारले तेव्हा मीही स्पीकरकडे न पाहताच मान डोलावली. नाना काही बोलले नाहीत. त्यांनी गाणे लावायचे सोडून दिले.

आता ही हकीकत थोडी बाजूला ठेवू आणि या यंत्राकडे वळू.

पूर्वी आपण लाउडस्पीकरला कर्णा म्हणत असू, कारण तो कर्ण्याच्याच आकाराचा असे. आज घरात जो स्पीकर असतो त्याचा पाया 1925 साली चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अमेरिकन अभियंत्यांनी घातला. त्याची मूळ रचना शंभर वर्षांत फारशी बदललेली नाही. एक शंकू असतो, कागदाचा किंवा प्लास्टिकचा. त्याच्या टोकाशी तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते, त्याला कॉइल म्हणतात. ही कॉइल एका बळकट चुंबकाच्या गोल फटीत लोंबती असते. ॲम्प्लिफायरमधून विजेचा प्रवाह आला की ती पुढेमागे हलते, तिच्याबरोबर शंकू हलतो, आणि शंकूबरोबर हवा. शंकू जागच्या जागी राहावा म्हणून त्याला दोन आधार दिलेले असतात. बाहेरच्या कडेला फोमची किंवा रबराची घडी, आणि आत कॉइलजवळ सुरकुत्यांच्या कापडाची चकती. या चकतीला कारागीर स्पायडर म्हणतात. अशा एका संचाला इंग्रजीत ड्रायव्हर म्हणतात. टॉवरच्या एका खोक्यात असे तीनचार ड्रायव्हर असतात: खर्जासाठी वूफर, मधल्या सुरांसाठी मिडरेंज, तारसप्तकाच्याही वरच्या झंकारासाठी ट्वीटर. कोणता सूर कोणाकडे जायचा हे आत बसवलेले क्रॉसओव्हर नावाचे मंडल ठरवते.

या साऱ्यात खरे नाजूक ठिकाण म्हणजे ती फट. कॉइल आणि चुंबकाचे लोखंड यांच्यात मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच जागा असते. एवढ्या अरुंद गल्लीतून ती कॉइल सेकंदाला शेकडो वेळा ये-जा करते, आणि कोठेही अंग घासू द्यायचे नाही ही अट. पुन्हा तिला तापही सोसावा लागतो. घरगुती स्पीकरमध्ये जेवढी वीज जाते तिच्यातला शेकडा एक भाग, पुष्कळदा त्याहूनही कमी, आवाजात उतरतो. बाकीची उष्णता होते. लग्नघरातला आचारी चुलीपुढे जितका भाजून निघत असेल, तितकीच ही कॉइल प्रत्येक जोरकस गाण्यात भाजून निघते.

आता विकृती म्हणजे काय ते पाहू. स्पीकरला आपण सेकंदाला 100 कंपनांचा शुद्ध सूर दिला आणि त्याने त्याबरोबर 200 आणि 300 चेही सूर थोडेथोडे काढले, तर ती एका प्रकारची विकृती. पण 200 आणि 300 हे 100 चेच स्वयंभू स्वर. ते गळ्यातही असतात, तारेतही असतात. म्हणून कान ही विकृती पुष्कळशी माफ करतो. आवाज जरा भरदार झाला एवढेच त्याला वाटते. दुसरी जात मात्र वाईट. एकाच शंकूला 60 चा खर्ज आणि 1000 चा सूर एकदम काढायला लावले, आणि शंकूची चाल सरळ नसली, तर 940 आणि 1060 असे दोन आगंतुक सूर जन्माला येतात. मूळ गाण्याशी त्यांचे काहीच नाते नसते. कानाला हे पाहुणे ताबडतोब कळतात. बायाँवर घुमारा पडला की त्याच क्षणी गायिकेचा आवाज थरथरतो, असे आपण कधी ऐकले असेल. ते याचेच लक्षण. आणि तिसरी जात म्हणजे निव्वळ खडखड, घासणे, किरकिर. तिचे मूळ बहुतेक वेळा शंकूत, कडेत किंवा कॉइलमध्ये काहीतरी तुटले, सुटले वा सरकले यात असते.

येथे कोणी मला विचारील, ‘अहो, किरकिर म्हणजे दोषच असे कशावरून? तंबोऱ्याची जवारी म्हणजे तरी काय?’ प्रश्न मार्मिक आहे. जवारी लावतो तेव्हा आपण घोडीवर तारेखाली दोरा सरकवून मुद्दाम तारेला घोडीशी चाटायला लावतो, आणि त्यातूनच तो भरलेला, झंकारणारा नाद निघतो. तारेचा जो स्वयंभू स्वर नियमाप्रमाणे निघूच नये, तोही तंबोऱ्यात कसा निघतो, याचा अभ्यास 1920 च्या सुमारास कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केला होता. पण ही किरकिर वाद्याची आहे. कलावंताने ती ठरवून, कानाने जुळवून आणलेली आहे. स्पीकर हे वाद्य नव्हे, तो निरोप्या आहे. निरोप्याने निरोपात स्वतःचे शब्द घातले तर त्याला आपण हुशार म्हणत नाही. गंमत अशी की ही जवारी आणि घासणारी कॉइल यांचे आवाज पुष्कळदा एकमेकांत मिसळून जातात, आणि ऐकणारा फसतो. नानांच्या घरच्यांचे नेमके हेच झाले होते.

मग दोष शोधायचा कसा? पहिला नियम असा, की गुन्हेगार स्पीकरच आहे असे आधीच धरून चालू नये. मूळ ध्वनिमुद्रण, ते वाजवणारे यंत्र, ॲम्प्लिफायर, तारा, स्पीकर, खोली आणि शेवटी कान, अशी ही साखळी आहे. दोष कोणत्याही कडीत असू शकतो. 1902 साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले तेव्हा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात गायचे आणि सुईने मेणावर कोरायचे. अशा तबकड्यांतला कर्कशपणा आपल्या स्पीकरच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. म्हणून आपल्याला पाठ असलेली चांगली तीनचार मुद्रणे घ्यावी. दोष एकाच मुद्रणात येत असेल तर स्पीकर निर्दोष सुटला.

दोष सगळीकडे येतो असे ठरले, तर ॲम्प्लिफायर बंद करून त्याच्या मागच्या डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारा अदलाबदल कराव्या. किरकिर डावीकडून उजवीकडे गेली तर दोष ॲम्प्लिफायरचा किंवा त्याच्या मागचा. ती त्याच खोक्यात राहिली तर दोष खोक्याचा, त्याच्या तारेचा, नाहीतर खोलीच्या त्या कोपऱ्याचा. आता दोन्ही खोकी उचलून एकमेकांच्या जागी ठेवावी. किरकिर खोक्याबरोबर न जाता कोपऱ्यातच राहिली, तर शोकेसची काच, खिडकीची झडप, ट्यूबलाइटची पट्टी यांच्यावर हात ठेवून पाहावा. हात ठेवताच आवाज थांबला तर चोर सापडला. माझ्या स्वतःच्या घरी मी एकदा दोन्ही स्पीकर टेंपोत घालून दुरुस्तीला नेले होते. कारागिराने ते आठ दिवस ठेवून घेतले, पैसेही घेतले, आणि घरी आणल्यावर किरकिर जशीच्या तशी. शेवटी सापडले ते असे, की भिंतीवरच्या गणपतीच्या तसबिरीची काच चौकटीत सैल झाली होती. कारागिराला मी मनातल्या मनात बरेच बोललो होतो. ते सारे शब्द मला परत घ्यावे लागले.

दोष खोक्यातच आहे असे ठरल्यावर प्रश्न उरतो, कोणत्या ड्रायव्हरमध्ये? 1816 साली रेने लेनेक नावाच्या फ्रेंच डॉक्टरने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली, आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्माला आला. आपणही तेच करावे. पुढची जाळी काढावी, वर्तमानपत्राची सुरळी करून एक टोक कानाशी धरावे, दुसरे टोक एकेका शंकूसमोर, कडेसमोर, खोक्याच्या सांध्यांसमोर फिरवावे. आवाज मात्र अगदी मंद ठेवावा. कानाशी सुरळी असताना कोणी आवाज वाढवला तर स्पीकर राहील आणि कान जाईल.

यापुढची परीक्षा शुद्ध सुराची. आजकाल फोनवरही असा सूर काढता येतो, की जो 200 कंपनांपासून हळूहळू 20 पर्यंत खाली उतरतो. तो मंद आवाजात वूफरला द्यावा. आमच्यासारख्यांना त्यापेक्षा सोयीचा असा एक देशी सूर आहे, तो म्हणजे बायाँची मींड. तबलजी मनगट दाबत घुमारा सरकवतो तेव्हा शंकूची मोठी परीक्षा आपोआप होते. यातले गमक असे, की तितकाच आवाज एक सप्तक खाली काढायचा तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. म्हणून खर्जात जे घासते ते वर घासत नाही. पण येथे एक फसगत आहे. पुष्कळ टॉवरना हवा ये-जा करण्यासाठी एक नळी असते. या नळीचा स्वतःचा एक सूर असतो, बहुधा 30 ते 50 कंपनांच्या दरम्यान. त्या सुराला आवाज नळीच देते आणि शंकू जवळजवळ स्तब्ध राहतो, त्यामुळे दोष तेथे लपतो. त्याच्याही खाली गेले की शंकूला हवेचा आधार राहत नाही आणि तो वाटेल तसा धावू लागतो. म्हणून एकाच सुरावर निकाल देऊ नये, सारी वाट चालून जावे. वाकडी झालेली तबकडी लावली असता शंकू मुकाट्याने मोठमोठे हेलकावे खातो, तेही याच कारणाने. तेवढ्यावरून स्पीकर बिघडला असे समजू नये.

आता हाताची परीक्षा. ॲम्प्लिफायर बंद करावा, तारा काढाव्या, आणि दोन्ही हातांची बोटे शंकूच्या मध्याभोवती सारख्या अंतरावर ठेवून तो दोनतीन मिलिमीटर अलगद आत दाबावा. तो निःशब्द गेला आणि निःशब्द परत आला तर कॉइल मोकळी आहे. चरचर ऐकू आली, बोटांना खरखर लागली, तर ती घासते आहे. दाब एका बाजूला जास्त पडला तर चांगली कॉइलसुद्धा घासते, म्हणून दोनदा करून पाहावे आणि शेजारच्या तशाच वूफरशी ताडून पाहावे. ट्वीटरला मात्र बोट लावू नये. त्याचा घुमट एकदा चेपला की चेपला.

शेवटी मीटर. आठ ओहमच्या सुट्या ड्रायव्हरचा रोध मीटरवर साधारण सहा ओहम दिसतो, चारचा साडेतीनच्या आतबाहेर. काहीच आकडा आला नाही तर कॉइल तुटली. पण खोक्याच्या मागच्या खिट्यांवर मीटर लावून ट्वीटरविषयी काही कळत नाही, कारण त्याच्या वाटेत कपॅसिटर असतो आणि तो मीटरचा प्रवाह पुढे जाऊच देत नाही. मीटर नीट आकडा दाखवतो म्हणून स्पीकर चांगला, असेही नाही. घासणारी कॉइलसुद्धा पुष्कळदा अगदी बरोबर आकडा देते.

कारणांची यादी मोठी आहे; मुख्य तेवढी सांगतो. फोमची कड ही आपल्या हवेत फार काळ टिकत नाही. पंधरा-वीस वर्षांत ती शिळ्या भाकरीसारखी भुगा होऊन गळते. दमट हवेत, किनारपट्टीला, आणखी लवकर. रबराची कड जास्त टिकते. वूफर वर्षानुवर्षे एकाच बाजूने उभा असल्याने जड शंकूचा भार स्पायडरवर पडून तो किंचित खाली ओघळतो आणि कॉइल एका अंगाला टेकते. अशा वेळी जुने कारागीर स्क्रू काढून वूफर उलटा, म्हणजे वरची बाजू खाली, असा बसवतात. काही वर्षांचे आयुष्य फुकट मिळते. फार तापलेल्या कॉइलचे वेढे सुटतात आणि फुगतात, तेव्हा जवळ नाक नेले तर करपल्याचा वास येतो. चुंबक लोखंडाचा कीस ओढून घेतो, तो फटीत बसतो. आणि नळीत कुंभारीण माशी खुशाल मातीचे घर बांधते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

एक गैरसमजही दूर करतो. मोठ्या ॲम्प्लिफायरने स्पीकर जळतो, लहानाने जळत नाही, असे पुष्कळांना वाटते. लहान ॲम्प्लिफायर त्याच्या शक्तीबाहेर पिळला की तो लाटांचे माथे छाटून टाकतो. त्या छाटलेल्या लाटांत वरच्या सुरांचा भरणा होतो, तो सारा ट्वीटरवर जाऊन पडतो, आणि बिचारा ट्वीटर जळतो. आवाज दुप्पट वाटायला शक्ती सुमारे दहापट लागते, हे ध्यानात ठेवले तर गणपतीच्या दहा दिवसांत पुष्कळ ट्वीटर वाचतील.

आता पुन्हा नानांकडे येतो. एके दिवशी त्यांच्या सूनबाईच मला म्हणाल्या, ‘काका, बाबा हल्ली गाणं लावत नाहीत. घर कसं सुनं वाटतं.’ माझ्या मनाला ते लागले. मी विचार करू लागलो. वयाने कान जातो तो आधी वरच्या सुरांचा, सतारीच्या झंकाराचा, चिमण्यांच्या चिवचिवाटाचा. घासणाऱ्या कॉइलची चरचर मात्र मधल्या सुरांत, बोलण्याच्या पट्टीत उमटते. नानांच्या कानात तेवढे बळ खचित शिल्लक होते. नाहीतर ते माझ्याशी बोलू शकले नसते. मग ‘कान थकले’ हे उत्तर प्रश्नाला लागूच पडत नव्हते. एवढे साधे गणित मी दोन वर्षांत केले नव्हते.

आम्ही दोघांनी मिळून एक सकाळ घालवली. तारा बदलल्या, किरकिर डाव्या खोक्यातच राहिली. खोकी बदलली, ती खोक्याबरोबर गेली. सुरळी फिरवली ती नानांनीच, मी नव्हे. खालच्या वूफरपाशी येऊन ते थांबले आणि म्हणाले, ‘हा इथे आहे.’ जाळीआड न दिसणारी फोमची कड तळाशी चौथाई भागात फाटली होती. शंकू कलला होता आणि कॉइल एका बाजूने घासत होती. बुधवार पेठेत तापकीर गल्लीत जाऊन त्या मापाची नवी फोमची कड आणली, जुनी खरवडून काढली, कॉइल मधोमध राहील अशी पट्ट्यांनी टेकवून नवी चिकटवली आणि रात्रभर वाळू दिली. दुसऱ्या बाजूच्या कडाही त्याच वयाच्या, म्हणून त्याही बदलल्या. खर्च म्हणाल तर एका जेवणावळीइतकाही आला नाही.

दुसऱ्या दिवशी नानांनी भीमसेन जोशींची तोडी लावली. मुलगा शेजारी येऊन बसला. त्याने दोन वर्षांत प्रथमच हातातला फोन खाली ठेवून ऐकले असावे. थोड्या वेळाने तो म्हणाला, ‘बाबा, फरक कळतोय.’ नाना त्यावर एवढेच म्हणाले, ‘मला आधीचाही कळत होता.’

मित्रहो, मीटर, शुद्ध सूर, फोनवरची आलेखयंत्रे ही सारी उपयोगी साधने आहेत, मी त्यांना नावे ठेवणार नाही. पण ज्याने एकच गाणे हजार वेळा ऐकले आहे, त्याचा कान हेही एक मापनयंत्र आहे. त्याचे वाचन आपल्या अपेक्षेशी जुळले नाही, तर यंत्र बाद करण्यापूर्वी निदान एकदा जाळी काढून पाहावी. घरातले कोणी वडीलधारे उद्या म्हणाले की काहीतरी घासते आहे, तर त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे अवश्य न्या. पण जाताना स्पीकरच्या तारा तेवढ्या अदलाबदल करून पाहा.